काका, खारीच्या गुरगुरण्याबद्दल

नमस्कार काका,

तुम्ही प्रतिक्रियेच्या शेवटी 'काका समजून ऐक' असं लिहिलंत, म्हणून काकाच म्हणते. खारीवरच्या, म्हणजे आमच्या छोट्या क्रॉस (मिश्र जातीच्या) कुत्रीवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही पोटतिडकीनं लिहिलंय. नुसते आभार मानून ते मिटवणं मला बरं वाटेना, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी काकांचं म्हणणं थोडक्यात सांगते. क्रॉस कुत्र्याचा स्वभाव कधीच सांगता येत नाही, कुत्रं घ्यायचं तर जातिवंत आणि कागदपत्रांसकट घ्यावं. पाच महिन्यांच्या अनुभवावर मी लोकांना भरीस घालतेय. 'संकरित कुत्री आजारी पडत नाहीत' हे माझं वाक्य बेजबाबदार आहे. खारी माझ्या भाच्यावर गुरगुरली तेव्हा तिथल्या तिथे तिला दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. आणि शेवटचा प्रश्न: उद्या ती कोणाला चावली तर जबाबदार कोण?

तुमचं जे बरोबर आहे ते आधी. आजारांबद्दलचं ते वाक्य मी लिहायला नको होतं. ते मी लेखातून काढलंय आणि काढल्याची नोंद खाली ठेवलीय. ऐकीव गोष्ट होती, मी तपासली नव्हती. तुमच्या प्रतिक्रियेनंतर शोधलं तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांचा २०१३ सालचा अभ्यास सापडला. त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या १५ वर्षांच्या नोंदी काढून २४ आनुवंशिक विकार तपासले. त्यातले १० जातिवंत कुत्र्यांत जास्त आढळले. एक विकार, मागच्या पायाच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचा, उलट मिश्र कुत्र्यांत जास्त निघाला. उरलेल्या १३ विकारांत दोघांत फरकच नव्हता. त्या तेरांमध्ये गुडघ्याची वाटी सरकण्याचा विकारही आहे. त्याकडे पुढे यायचंच आहे.

आता जातीबद्दल. खारीची आई माझ्या मावशीच्या कऱ्हाडच्या घरची. सगळी आळी तिला पॉमेरियन म्हणते. पण खरा पॉमेरियन तीन-साडेतीन किलोंच्या वर सहसा जात नाही, आणि खारीची आई चांगली सात किलोंची आहे. आपल्याकडे घरोघरी 'पॉमेरियन' म्हणून जी पांढरी, झुबकेदार शेपटीची कुत्री वाढली ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात इथे आलेल्या जर्मन स्पिट्झ कुळातली, इथल्या उन्हात तग धरतील अशी पैदा केलेली. म्हणजे ज्या कुत्र्यांचा स्वभाव आपण जातीवरून सांगत आलो, त्यांच्या जातीचं नावच आपण चुकीचं घेत होतो. खारीचा बाप तर आळीतलाच कोणी तरी, त्याला कोणी पाहिलेलं नाही. तिचा एक कान उभा, एक दुमडलेला. शेपूट पाठीवर वळलेली, पण झुबका नाही. रंग भट्टीतून नुकत्याच काढलेल्या खारीचा, नाव त्यावरूनच पडलं. वजन सहा किलो दोनशे ग्रॅम. मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि दहा महिन्यांची खारी आमच्याकडे पुण्याला आली.

जात काहीच सांगत नाही असं मी म्हणत नाही. स्पिट्झ कुळातली कुत्री भुंकरी असतात आणि खारीही आहे. आमची बेल वाजायच्या आधी, बाहेर लिफ्टचं दार सरकलं की तिचं सुरू होतं. पण त्यापुढे फार जाता येत नाही. अमेरिकेत अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या कुत्र्यांच्या वागण्याबद्दल विचारलं गेलं आणि दोन हजारांहून जास्त कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात हे काम आलं. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला साधारण ९ टक्के भागच जातीवरून सांगता आला. माणसाचं ऐकणं, इशाऱ्यावर वागणं यात जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त निघाला. कुत्रं किती पटकन बिथरतं यात मात्र फारच कमी. आणि काका, तुम्हाला काळजी आहे ती नेमकी या बिथरण्याचीच.

'भरीस घालतेस' या शब्दानं मला वाईट वाटलं, कारण कॉकापू, माल्टिपू अशी नावं देऊन पूडलची संकरित पिल्लं भरमसाट किमतीला विकणाऱ्यांच्या मी विरोधातच आहे. या सगळ्या प्रकाराला ज्या लॅब्राडूडलमुळे जोर आला त्याची गोष्ट सांगते. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन अंध व्यक्तींसाठीच्या श्वान संस्थेत काम करत होते. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरननी लॅब्राडोर आणि मोठा पूडल यांची पिल्लं करवली. तीन झाली. तिघांचे केस आणि लाळ तपासणीसाठी हवाईला पाठवली, तर एकच पिल्लू त्या माणसाला चाललं. आईबाप तेच, वेत तेच, तरी तिघं तीन तऱ्हेची. लोकांनी पुढे या नावाचा बाजार केला आणि कॉनरननी उतारवयात उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला. नाव वाचून कुत्रं घेऊ नका हे मी क्रॉसच्या बाबतीतही तितक्याच ठामपणे म्हणते.

आता गुरगुरणं. इथे मात्र मला तुमचं पटत नाही, आणि हे उत्तर मी खरं तर याचसाठी लिहायला बसले.

त्या दुपारी खारी बाल्कनीच्या दारात झोपली होती. भाचा आठ वर्षांचा. त्यानं मागून येऊन तिच्या पोटाखाली हात घातले आणि उचललं. ती ताठ झाली, तोंड बाजूला वळवलं, दोनदा ओठ चाटले आणि मग गुरगुरली. त्यानं घाबरून खाली ठेवलं, ती दिवाणाखाली गेली. एवढंच झालं. मी दोघांवरही हात उगारला नाही. पण ती का गुरगुरली हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून एका वहीत टिपायला लागले. कोण उचलतंय, कुठून, त्याआधी ती काय करत होती.

आठ दिवसांत दिसलं ते असं. समोरून, सांगून, एक हात छातीखाली आणि एक मागच्या बाजूला धरून उचललं तर ती काही म्हणत नाही. मागून उचललं आणि मागचे पाय लोंबकळले की ताठ होते. जिना चढून आल्यावर तर समोरूनही नको असतं. त्याच वहीत दुसरी एक नोंद होत गेली: पळताना मध्येच डावा मागचा पाय उचलायची, दोन-तीन पावलं तीन पायांवर टाकायची आणि पुन्हा नीट पळायला लागायची. पहिल्या लेखात मी याला तिची लाडिक चाल म्हटलं होतं. ती चाल नव्हती, काका. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन हलवला आणि वाटी जागेवरून सरकते आहे हे दोन मिनिटांत दाखवलं. या विकाराच्या चार पायऱ्यांतली दुसरी पायरी. छोट्या चणीच्या कुत्र्यांत हे नेहमी दिसतं. शस्त्रक्रिया सध्या नको, वजन वाढू द्यायचं नाही, उड्या बंद, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. आमची फरशी गुळगुळीत, म्हणून तिच्या ये-जा करायच्या वाटेवर आता सतरंज्या आहेत आणि दिवाणाला एक बुटका पाट लावलाय.

त्या दुपारी मी तिला दोन ठेवून दिल्या असत्या, तर पुढच्या वेळी ती कदाचित गुरगुरली नसती. दुखणं तेवढंच राहिलं असतं.

तुमच्याच प्रतिक्रियेतला अल्सेशियन मला यासाठी पुन्हा पुन्हा आठवला. तुम्ही लिहिलंय की तो खाताना गुरगुरायचा, तुम्ही ती सवय मारून मोडलीत, आणि वर्षभरानं तो तुमच्या पुतण्याला 'काही कारण नसताना, न सांगता' चावला. मी त्याला पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल छातीठोक काही सांगू शकत नाही. पण आधी तो सांगत होता, आणि सांगितलं की मार बसतो हे शिकल्यावर त्यानं सांगणं बंद केलं, असं झालं नसेल का? हे दोष द्यायला विचारत नाही. त्या काळी सगळे असंच शिकवायचे. माझे आजोबाही.

लहान कुत्र्यांच्या नशिबी तर याहून वेगळंच येतं. तीस किलोंचं कुत्रं गुरगुरलं की माणूस दोन पावलं मागे सरतो. सहा किलोंचं गुरगुरलं की लोक हसतात, मोबाईल काढतात, पुन्हा बोट लावून बघतात. तिला कोणीही, केव्हाही, न विचारता उचलतं. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाचा हात थेट डोक्यावर येतो. लहान कुत्री तुसडी असतात असं जे म्हणतात, त्यातला बराच भाग या न ऐकण्याचा असावा असं मला वाटायला लागलंय.

गुरगुरणं हा तिचा शेवटून दुसरा शब्द आहे. आधीचे शब्द मी आता ओळखते. झोप आलेली नसताना जांभई. तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं. एक पुढचा पाय उचलून थबकणं. शेपूट हलते आहे पण अंग लाकडासारखं ताठ, तेव्हा ती खूष नसते. कुकरची पहिली शिट्टी ती सहन करते, दुसरीला उठून मोरीत जाते. खराटा चालतो, उंच धरलेली काठी चालत नाही. यातलं काही मला कोणत्याही जातीच्या माहितीपत्रकात मिळालं नसतं, आणि तिच्या सख्ख्या भावाबद्दलही ते लागू पडेलच असं नाही.

भाच्याला मी एकच गोष्ट शिकवलीय. बसायचं, छातीपाशी तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. ती जवळ सरकली तर पुन्हा, नाही सरकली तर राहू दे. पहिल्या दिवशी ती नाही सरकली, तो हिरमुसला. चौथ्या दिवशी तिनं पंजा त्याच्या मांडीवर ठेवला.

दूध-पोळीवर तुमची कुत्री चौदा वर्षं जगली असं तुम्ही लिहिलंय, त्यावर वाद घालत नाही, आनंदच आहे. फक्त आपल्या आमटी-भाजीत कांदा-लसूण असतो आणि त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एवढ्याशा जिवाला थोडंही पुष्कळ होतं, म्हणून उरलंसुरलं ताटात घालत नाही. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेटही नाही. आणि गळ्यातला पट्टा फक्त बिल्ल्यापुरता. दोरी छातीच्या हार्नेसला, कारण लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की खोकला सुरू होतो.

जबाबदार कोण? मी. रेबीजची लस आणि दरवर्षीचा डोस वेळेवर आहे, महापालिकेचा परवाना काढलाय, बाहेर दोरी सुटत नाही, मुलांजवळ तिला एकटं सोडत नाही. तरीही दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्या माणसाला मी स्वतः दवाखान्यात नेईन, लसवाली कुत्री आहे म्हणून टाळणार नाही.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की काकूंना आता छोटं कुत्रं हवंय आणि तुमचा जीव धजत नाही. पुण्याला येणं झालं तर काकूंना घेऊन घरी या. दारात खारी भुंकेल, ते ऐकून घ्या. तिच्यापुढे हात करू नका, वाकू नका, डोळ्यांत बघू नका. सतरंजीवर बसा, जमलं तर तिच्याकडे पाठ करून, आणि आपसात बोलत राहा. माझा चहा उकळेपर्यंत ती बहुधा येऊन तुमच्या पाठीला टेकेल. नाहीच आली तर दुसरा कप घेऊ.