गुडघ्यातलं वंगण व्यायामाने संपत नाही, कृपा करून तो मेसेज पुढे पाठवू नका

मागच्या रविवारी आईला फोन केला आणि सहज विचारलं, झाला का गं आजचा व्यायाम, तर म्हणाली बंद केलाय. का? तर भिशीच्या ग्रुपवर आलंय, चाळिशीनंतर स्ट्रेचिंग केलं की गुडघे लवकर जातात, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे. मी तो मेसेज मागवून घेतला. वर "चाळिशीनंतर घरी योगा, स्ट्रेचिंग, पिलाटे करणाऱ्या भगिनींनो सावधान", खाली "एका नामवंत अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला", तज्ज्ञांचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही, आणि मग सहा मुद्दे. पुढच्या दोन दिवसांत तोच मेसेज मला सासरच्या ग्रुपवर आला आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीनेही पाठवला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

आई ६३ वर्षांची, मिरजेला एकटी राहते. दीड वर्षापूर्वी तिला जिना उतरताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन एकेक पायरी उतरावी लागायची. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी आठ-दहा प्रकार शिकवले आणि तेव्हापासून रोज सकाळच्या चहानंतर आकाशवाणी सांगली लावून सतरंजीवर अर्धा तास तिचं चाललेलं असतं. पाठीवर झोपून जुनी ओढणी तळपायाला अडकवायची आणि पाय सरळ वर ओढून धरायचा, मग दुसरा. मार्जारासन तिचं सगळ्यात आवडतं, पाठ गोल करताना तोंडातून हळूच "हुश्श" निघतं. तिच्या मागे कुणाला लागावं लागत नव्हतं, आवडीने करायची, आणि आता जिना समोर बघत उतरते. ते सगळं या एका मेसेजमुळे दहा दिवस बंद.

पहिला मुद्दा, ज्याने आई घाबरली: "सांध्यातलं वंगण देवाने ठराविकच दिलेलं असतं, प्रत्येक ताणाने ते थोडं थोडं संपतं, म्हणून चाळिशीनंतर जपून वापरावं."

हे धादांत खोटं आहे. आपल्याकडे "गुडघ्यातलं वंगण संपलं", "गादी झिजली" असं सर्रास म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला ते लगेच पटतं, पण गुडघा म्हणजे सायकलची चेन नाही. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, ते हे वंगण तयार करत राहतं, जुनं शोषलं जातं आणि नवं येतं, म्हणजे भरून ठेवलेला डबा नाहीच तो. आणि ज्याला आपण गादी म्हणतो त्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कुठून मिळतं? त्याच वंगणातून. वजन पडलं की ती स्पंजसारखी दाबली जाते, सुटलं की परत पाणी ओढून घेते, आणि असं दाबत-सोडत तिचं पोषण होतं. म्हणजे सांधा हलवला नाही तर गादी उपाशी राहते. मेसेज बरोबर उलटं सांगतोय.

आणि हे पुस्तकात बघायचीही गरज नाही. आई स्वतःच कितीदा म्हणालीय की सकाळी उठल्यावर गुडघे आखडलेले असतात, मोरीपर्यंत चार पावलं चाललं की मोकळे होतात. हालचालीने वंगण संपत असतं तर उठल्यावर गुडघे सगळ्यात मोकळे असायला हवे होते ना, आणि दिवसाच्या पहिल्या पावलापासून दुखणं वाढत जायला हवं होतं?

ज्यांना अभ्यासच हवाय त्यांच्यासाठी, कोक्रेन नावाची संस्था आहे, ती जगभरातले प्रयोग एकत्र करून तपासते. गुडघ्याच्या संधिवातात व्यायामाचा काय परिणाम होतो यावर त्यांचा २०१५चा आढावा आहे, ५४ अभ्यासांचा, आणि निष्कर्ष असा की दुखणं कमी होतं, हालचाल सुधारते, आणि व्यायामाचा कार्यक्रम संपल्यावरही दोन ते सहा महिने फरक टिकतो. त्यातले बरेचसे व्यायाम ताकद वाढवणारे होते, निव्वळ स्ट्रेचिंग नव्हतं, हे मी लपवत नाही. २०२४मध्ये त्याचीच नवी आवृत्ती आली, त्यात फायदा आधी वाटला तेवढा मोठा नाही असंही म्हटलंय. पण व्यायामाने गुडघे झिजतात असा निष्कर्ष दोन्हींत कुठेही नाही. उलट बसून राहिलं की मांडीचे पुढचे स्नायू बारीक होतात आणि जिना उतरताना झटका जो त्यांनी झेलायचा तो सरळ गुडघ्यावर येतो. हा मेसेज वाचून ज्या बायका बसून राहतील त्यांचं हेच होणार आहे आणि म्हणून मला तो नुसता चुकीचा नाही तर घातक वाटतो.

दुसरा मुद्दा, "या वयात स्नायू ताणले की सैल पडतात, परत जागेवर येत नाहीत." स्नायू म्हणजे जुन्या परकराचं इलॅस्टिक नाही. रोज ताणल्यावर आपण जास्त वाकू शकतो त्यात मोठा वाटा मज्जासंस्थेचा असतो, तिला त्या ताणाची सवय होते आणि ती लवकर "थांब" म्हणत नाही. आणि सैल पडण्याचीच काळजी असेल तर ज्याबद्दल बायका बोलत नाहीत ते बोला, शिंकताना-खोकताना लघवीचे थेंब गळणं. त्यावर पहिला उपाय म्हणून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायामच सांगतात, आणि ते घरी चटईवरच करायचे असतात.

"पिलाटे हे परदेशी नट्यांचं फॅड." पिलाटे ही चटईवर करायची व्यायामपद्धत ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जोसेफ पिलाटे हा १८८३मध्ये जर्मनीत जन्मलेला माणूस, लहानपणी दमेकरी आणि मुडदूस झालेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला नजरकैदेच्या छावणीत ठेवलं, तिथे तो बरोबरच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. इकडे आपल्या पुण्यातले योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार गुरुजी, तेही लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं भोगलेले, आणि नव्वदी ओलांडल्यावरही सराव करत होते. दोन्ही पद्धती आजारी पोरांनी स्वतःचं शरीर सावरता सावरता घडवल्यात. आई जो पूल करते, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, त्याला योगात सेतुबंध म्हणतात आणि पिलाटेतही तसाच पूल आहे, आईच्या कमरेला त्या नावाशी काही घेणंदेणं नाही.

"घरकाम करणाऱ्या बाईला वेगळा व्यायाम लागत नाही." हे वाक्य बहुतेक ज्याने कधी घरकाम केलं नाही त्याने लिहिलंय. ओट्यापाशी दोन तास मान खाली, खांदे पुढे, पोळ्या लाटायला तेच मनगट. दमणूक होते, खूप होते, पण दिवसभर पुढे वाकलेली पाठ मागे कधी जाते? तेवढ्यासाठीच तर तो अर्धा तास असतो.

"घाम आला नाही तर फायदा शून्य, वजन उतरत नाही." यात अर्धं खरं आहे, मान्य करते. नुसत्या स्ट्रेचिंगने वजन फारसं उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचाही. मग चालणं वाढवा ना, सतरंजी का गुंडाळायची?

शेवटचा, "शिक्षक समोर नसताना केलं तर इजा होतेच." होतेच नाही, होऊ शकते, आणि इथे मला थोडं ऐकून घ्यावं लागतं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईने व्हिडिओ बघून पाठ जोरात गोल करत पायाला नाक लावायला जाऊ नये, मणका दबून मोडू शकतो. काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, डोळ्यातला दाब वाढतो. झोपेतून उठल्या उठल्या खोल वाकणंही टाळावं, रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. एवढं सांगितलं असतं तर मीच तो मेसेज पुढे पाठवला असता. पण यावर उपाय म्हणजे एकदा दोनदा जाणकाराकडून नीट शिकून घेणं, भिंत, खुर्ची, पट्टा वापरणं. अय्यंगार गुरुजींनी पट्टे, ठोकळे, दोऱ्या वापरात आणल्या त्या म्हाताऱ्या, आजारी माणसांनाही आसनं करता यावीत म्हणूनच. आईची ओढणी त्यातलीच.

हे सगळं मी तिला मंगळवारी फोनवर तासभर समजावलं, मॅडमना पण फोन लावून दिला. बुधवारपासून परत सुरू केलंय. दहा दिवसांच्या खंडाने उजवा पाय आधीएवढा वर जात नाहीये, पूल तिसऱ्यांदा करताना मांड्या थरथरतात म्हणाली, मॅडमनी सध्या पाचच करायला सांगितलेत. भिशीच्या ग्रुपवर ती स्वतः लिहिणार आहे, तिच्या मैत्रिणींपैकी अजून दोघींनी बंद केलंय.