दोन एकर आणि रोजचे चाळीस किलोमीटर

काल कट्ट्यावर टेकल्या टेकल्या आमच्या दोस्ताने वर्तमानपत्राच्या कडेला नकाशा काढायला घेतला. शहरापासून वीस किलोमीटरवर दोन एकर, मधोमध घर. पोरं मातीत वाढतील म्हणे.

"मधोमध कशाला?" नानांनी पहिला खडा टाकला. "जेवढं आत जाशील तेवढी खडी, तेवढी केबल, तेवढा पाइप. घर रस्त्याकडे घे."

मास्तरांना गणिताची खाज. दोन एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. तुकडा चौरस असला तर कुंपण साधारण १,१८० फूट; शंभर फूट रुंदीची पट्टी निघाली तर १,९४० च्या आसपास. "जमीन तेवढीच, तार दीडपटीच्या वर. विकणारा एकर सांगतो, आकार नाही सांगत."

"कुंपणाचं सोडा," मी म्हटलं. अशा घरात मी दोन वर्षं काढलीत. लोक साप-विंचवाला घाबरतात, मी पंपाला. वीज गेली की दिव्याबरोबर नळही जातो. अंगाला साबण लावून उभा राहिलेला माणूस निसर्गाबद्दल काय बोलतो ते मी ऐकलंय, माझ्याच तोंडून. तेव्हापासून माझा हेका एकच: आधी उंचावर पाण्याची टाकी, मग व्हरांडा.

"पावसाचं पाणी धरीन की!"

यात तो चुकला नव्हता. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबाने हजार लिटर, थोडं वाया जाणारच. पण विहीर आणि सेप्टिक टँक पठ्ठ्याने शेजारी-शेजारी काढले होते, त्यातही सेप्टिक चढावर. नानांनी नुसतं बोट ठेवलं. त्याने मुकाट्याने खोडलं.

मास्तर पुन्हा सरसावले. रोज जाऊन-येऊन चाळीस, वर्षाचे अडीचशे दिवस, झाले दहा हजार किलोमीटर. "आणि हे फक्त तुझे. पोरीचा क्लास? आईचा दवाखाना?"

"पोरगी मोठी झाली की चालवेल गाडी."

"आत्ता किती वर्षांची?"

"अकरा."

सगळे हसले, तसा तो भडकला. "तुम्ही चौथ्या मजल्यावरून बोलताय! माझ्या पोरांना पळायला जिन्याशिवाय जागा नाही."

यावर कुणी काही बोललं नाही. त्या दोन वर्षांत आमची पोरं एकदाही 'कंटाळा आला' म्हणाली नव्हती, हे मीही गिळलं.

नानांनी पेन मागून घेतलं. घर रस्त्यालगत, विहीर चढाला, सेप्टिक लांब उताराला. "पाच किलोमीटरच्या आत एकच एकर बघ," एवढंच म्हणाले. त्याने तेवढा कागद फाडून खिशात घातला. मास्तर वीसचे पाच करून पुन्हा हिशेबाला बसले होते.