बायपॅपची ‘सवय’ आणि मॉर्फिनची धास्ती

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत जाणारा आजार, असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक मेसेज फिरतोय. सार असं : पॅलिएटिव्ह केअरला (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेला) पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. बायपॅपची, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणाऱ्या मशीनची, सवय लागली की सुटत नाही. तिथे मॉर्फिन देऊन झोपवून टाकतात. आणि मुलाला यातलं काही कळू देऊ नका. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. पाच घरांतून हाच मेसेज आला, तेव्हा उत्तर एकदाच लिहिते.

हात टेकल्याचं म्हणाल तर, मुलांसाठीची ही सेवा निदानापासूनच सुरू होते, मूळ आजारावर उपचार चालू असोत-नसोत, असं जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ सालीच सांगून ठेवलंय. स्टेरॉइड चालू, हृदयाच्या गोळ्या चालू, जोडीला हे.

बायपॅपची सवय! चष्म्याची लागते तशीच म्हणा. या आजारात श्वासाचे स्नायू हळूहळू दुबळे होतात आणि त्याचा त्रास आधी झोपेत होतो. रात्रभर कार्बन डायऑक्साइड साठतो. मुलगा उठतो तो डोकं धरूनच, नाश्ता नको म्हणतो, वर्गात पेंगतो. घरच्यांना वाटतं रात्री मोबाइल बघत बसला असेल. मशीन स्नायूंना आळशी करत नाही, दमलेल्या स्नायूंना विसावा देतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या डॉक्टरांनी २००२ साली आपल्या पेशंटचे आकडे मांडले : १९६०च्या दशकात मृत्यूचं सरासरी वय १४.४ वर्षं, १९९०नंतर घरी रात्रीचं व्हेंटिलेशन (मशीनचा श्वासाला आधार) मिळालेल्यांचं २५.३. नाकाच्या दांडीवर लाल वळ उठतो म्हणून मशीन माळ्यावर टाकू नका, मास्कचा साइज बदलून घ्या.

धास्ती घ्यायचीच तर नुसत्या ऑक्सिजनची घ्या. धाप लागली म्हणून भाड्याचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला, की बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९८ टक्के दिसतो, सगळे निर्धास्त होतात, आणि आत कार्बन डायऑक्साइड चढतच राहतो.

मॉर्फिनबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. या मुलांना ते जपूनच द्यावं लागतं. पण जपून म्हणजे छोट्या डोसपासून, श्वासावर नजर ठेवून. असं दिलं की दुखणं आणि धाप दोन्ही आटोक्यात येतात. शिवाय रोजच्या कामात मॉर्फिनचा संबंध येतो कितीसा? कुशीखाली उशी कुठे द्यायची, खोकला निघत नसेल तर अँबू बॅगने (हाताने दाबायच्या हवेच्या पिशवीने) छातीत हवा कशी भरायची, रात्रीतून पाच-सहा वेळा कूस बदलायला उठणाऱ्या आईला एक रात्र झोप कशी मिळेल, बहुतेक वेळ यातच जातो.

राहिलं ‘कळू देऊ नका’. सतरा वर्षांच्या एकाने सगळं आधीच वाचून काढलं होतं. आईला झेपणार नाही म्हणून तोच गप्प होता. आई चहा करायला आत गेली तेव्हा त्याने विचारलं, “ताई, लाइट गेली तर हे मशीन किती वेळ चालतं?”

त्याच आठवड्यात घरी इन्व्हर्टर आला.