‘हो’ म्हणजे नक्की काय, हे विचारू नका

ऑक्टोबर उजाडला, चकलीची ऑर्डर देऊन झाली, की कॅलिफोर्नियातल्या तुमच्या टपालपेटीत एक जाडजूड पुस्तक येऊन पडेल. त्याला वोटर गाइड म्हणतात. घाबरू नका, ते वाचायचं नसतं. 2016 साली ते 224 पानांचं होतं आणि त्यात लोकांनी थेट ‘येस’ किंवा ‘नो’ मत द्यायचे राज्याचे 17 प्रस्ताव होते. आमच्या डायनिंग टेबलाचा एक पाय तेव्हा हलत होता, तो त्या वर्षीपासून हलायचा थांबला. सरकारने मतदारावर केलेला खर्च इतका चोख कारणी लागलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नव्याने सिटिझन झालेला मराठी माणूस पहिल्या वर्षी बिचकतो. आपल्याला मतदान म्हणजे एक यंत्र, एक बटण आणि बोटाला शाई. कायदे करायला आपण माणसं निवडून देतो, ती पक्ष बदलतात, आपण चहा पीत पेपर वाचतो. इथे माणसं तर निवडायचीच, वर कायदेही आपणच करायचे आणि राज्याची घटनाही आपणच दुरुस्त करायची. कॅलिफोर्नियात हा उद्योग 1911 पासून चालू आहे. विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या खिशात गेलंय, ते सोडवायला हायरम जॉन्सन नावाच्या गव्हर्नरने हे हत्यार लोकांच्या हाती दिलं. आता कंपन्या विधिमंडळाच्या मागे फार धावत बसत नाहीत, थेट तुमच्या दारात येतात. पाहुण्यांचा मान ठेवा. प्रश्न विचारू नका.

सुरुवात मथळ्यापासून करा आणि शेवटही तिथेच करा. मथळ्यात ‘मुलं’, ‘शाळा’, ‘औषधं’, ‘पाणी’ यातला एखादा शब्द असेल तर ‘येस’चा गोल काळा करायचा. ‘टॅक्स’ दिसला तर ‘नो’. दोन्ही एकाच ओळीत दिसले तर शेजाऱ्याच्या अंगणातल्या पाटीवर काय छापलंय ते बघायचं. पाटीवर अग्निशामक दलाच्या जवानाचा फोटो असेल तर विषयच संपला. जवान हसतोय म्हणजे प्रस्ताव चांगला.

आता कुणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल, की ‘येस’ म्हणजे काय आणि ‘नो’ म्हणजे काय हे आधी बघून घ्या. अशा माणसापासून चार हात लांब राहा. आमच्या मंडळात असे एक काका आहेत. सांगलीला विक्रीकर खात्यात हयात गेली, मुलाकडे आले, रीतसर परीक्षा देऊन नागरिक झाले. सरकारी परिपत्रक शेवटच्या पानापासून वाचायची त्यांना जन्माची खोड. वोटर गाइडही ते मागूनच उघडतात. तिथे कायद्याचा मूळ मसुदा बारीक टायपात छापलेला असतो: नवे शब्द तिरप्या अक्षरात, काढून टाकायच्या शब्दांवर काट. काका म्हणतात, “पुढचं सगळं वकिली हो. माल इथे आहे.” माल म्हणे!

त्या 2016 च्या वर्षीच यांनी आमच्या कोजागिरीचं दूध नासवलं. दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारा कायदा राज्याने 2014 लाच केला होता. पिशव्या बनवणाऱ्या कंपन्यांनी सह्या गोळा करून तो अडवला आणि लोकांसमोर आणला. तो प्रस्ताव 67. सह्या ज्यांनी गोळा केल्या त्यांचं म्हणणं मात्र ‘नो’! कारण प्रश्न ‘बंदी उठवायची का’ असा नव्हता, ‘झालेला कायदा ठेवायचा का’ असा होता. बंदी हवी तर ‘येस’, पिशवी हवी तर ‘नो’. बरं, तेवढ्यावर भागेल तर ते उद्योगपती कसले? त्यांनीच शेजारी 65 नंबरचा आणखी एक प्रस्ताव ठेवला. बंदीनंतर मिळणाऱ्या कागदी वगैरे पिशवीमागे घेतले जाणारे 10 सेंट दुकानदाराकडे न जाता पर्यावरणाच्या निधीत जावेत, असा. प्लास्टिकवाल्यांना अचानक पाणथळ जागांचा पुळका आला होता. मी मसाला दूध ओतत म्हटलं, “पर्यावरणाचं आहे, दोन्हीला येस करू या.” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कोऱ्या धनादेशावर सही केली. पुढे 67 मंजूर झाला, 65 पडला. त्यात माझा हातभार कुठल्या बाजूला लागला, ते मी अजून विचारलेलं नाही.

माझी आजी पेडण्याची. शाळेचं तोंड न पाहिलेली. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा तिच्यापुढे दोन चित्रं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे वेगळं केंद्रशासित राहायचं. आजीचं फूल 34,021 मतांनी हरलं आणि पुढची तीस वर्षं ती ते कुरकुरत सांगायची. पण आपण कशाला मत दिलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ‘पान म्हणजे फूल नव्हे असं नाही’ असली चिठ्ठी तिच्या हाती कुणी दिली नव्हती. मागासलेला काळ, दुसरं काय.

प्रगती बघायची तर ओहायोला जा. तिथे ऑगस्ट 2023 मध्ये ‘इश्यू 1’ होता, नोव्हेंबर 2023 मध्ये ‘इश्यू 1’ होता आणि नोव्हेंबर 2024 मध्येही ‘इश्यू 1’च. पहिला घटनादुरुस्तीसाठी 60 टक्क्यांची अट घालणारा, दुसरा गर्भपाताच्या हक्काचा, तिसरा मतदारसंघांच्या सीमांचा. घरात तिन्ही मुलांचं नाव बाळू ठेवलं की हाक मारायला सोपं जातं. त्यातल्या तिसऱ्या बाळूची तर कमालच. राजकारण्यांनी सीमा आपल्या सोयीने कातरणं थांबावं म्हणून नागरिकांचा आयोग नेमा, अशी मांडणाऱ्यांची मागणी होती. मतपत्रिकेवर मजकूर छापून आला तो असा, की या आयोगाला सीमा सोयीने कातरणं बंधनकारक राहील. मजकूर ठरवणाऱ्या मंडळात बहुमत या प्रस्तावाच्या विरोधकांचं होतं, एवढाच काय तो योगायोग. प्रस्ताव पडला. काकांसारखे लोक मतपत्रिका सोडून मूळ मसुदा वाचतात ते याचसाठी, आणि म्हणून त्यांना कुणी पार्टीला बोलवत नाही.

फ्लोरिडात राहणाऱ्यांनी मात्र निश्चिंत असावं. तुमच्या अर्ध्याहून जास्त मताला तिथे किंमतच नाही. घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात. ही अट 2006 साली लोकांनीच मंजूर केली, 57.78 टक्क्यांनी. होय, साठ नाही. आपण माळ्यावर चढलो, शिडी वर ओढून घेतली. 2024 मध्ये गर्भपाताच्या हक्काच्या दुरुस्तीला तिथे साधारण 57 टक्के मतं पडली आणि ती नापास झाली. त्याच राज्यात 2018 साली एकाच प्रश्नात समुद्रातल्या तेलविहिरी आणि ऑफिसातलं व्हेपिंग, म्हणजे ई-सिगारेट ओढणं, दोन्हीवर बंदी आली. एकच गोल. तेलाला विरोध पण व्हेपिंग चालेल असं म्हणायची सोय नाही. आमच्याकडे थाळीत कारलं आलं की खावंच लागतं, तसं.

कॅलिफोर्नियात परत या, कारण पैसा इथे आहे. 2020 च्या प्रस्ताव 22 वर ॲपवरून गाड्या आणि जेवण पोचवणाऱ्या कंपन्यांनी 20 कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. चालकांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानावं, हा त्यातला गाभा. तुमचं काम सोपं होतं: गाडी बोलवायला फोन उघडला की कुणाच्या बाजूने मत द्यायचं ते फोनच सांगायचा. कोविडचे दिवस, काका मास्क लावून आमच्या ड्राइव्हवेत उभे, हातात गाइड, पेन्सिलीने खूण केलेली.

“हे बघा. यात विधिमंडळाला काही बदल करायचा तर दोन्ही सभागृहांत किती मतं पाहिजेत?”

“निम्मी?”

“आठातली सात. अहो, घटनादुरुस्ती लोकांपुढे मांडायलासुद्धा यांना दोनतृतीयांश पुरतात.”

मी म्हटलं, “काका, चालकांचा फायदा आहे असं जाहिरातीत दाखवलंय.” काका म्हणाले, “20 कोटी चालकांनी वर्गणी काढून जमवले का?” या माणसाला सहा फुटांवर उभं करणाऱ्या आरोग्य खात्याचे मी मनोमन आभार मानले. 22 दणक्यात मंजूर झाला.

अर्थात एकदा दिलेलं मत दिवाळी संपली की संपतं, असा तुमचा समज असेल तर तो जपून ठेवा. तुमच्या शेजारच्या आजी तुमच्याइतक्याच घरात राहून तुमच्या घरपट्टीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी घरपट्टी भरतात, ते त्यांच्या गोड स्वभावामुळे नव्हे. 1978 चा प्रस्ताव 13. कर मूल्याच्या 1 टक्का, आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त 2 टक्क्यांनी वाढणार. ज्यांनी तेव्हा गोल भरला त्यांतले बरेच आता नाहीत. तुम्ही तेव्हा शाळेत होतात किंवा जन्मलाही नव्हतात, आणि हप्ते तुम्ही भरताय. तेव्हा आपणही पुढच्या पिढीसाठी असंच काहीतरी न वाचता ठेवून जाऊ या.

राज्याचे प्रस्ताव संपले की शेपटाला गावचे येतात: शाळेचे रोखे, पाण्याचं मंडळ, वाचनालयाचा कर. तोवर हात दुखलेला असतो. इथपर्यंत बरेचजण पोचतच नाहीत, तुम्हीही दमून जा. शाळेच्या रोख्यांपायी पडणारा कर घराच्या दर 1,00,000 डॉलर मूल्यामागे अमुक इतका, असं लिहिलेलं असतं. आकडा लहान दिसतो, तो लहानच राहू द्या. आपलं घर किती लाखांचं आहे, याचा गुणाकार करण्याची ही वेळ नव्हे. नाही म्हणजे, त्याच शाळेत आपली मुलं जातात आणि गळकं छत पालकसभेत आपणच दाखवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

मतपत्रिका इथे टपालाने घरी येते. भरून झाली की सही तेवढी तिच्या पाकिटावर करा. ती नोंदणीतल्या सहीशी जुळवून बघतात. काका देवनागरीत करतात, आणि करण्याआधी पाकिटावरचं प्रतिज्ञापत्र वाचतात. पाकीट वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

2024 च्या निवडणुकीत आम्ही एकाच गाडीतून ड्रॉप बॉक्सवर, म्हणजे ही पाकिटं टाकायच्या पेटीवर, गेलो. मी ‘मत दिलं’ असं लिहिलेलं स्टिकर कॉलरला लावून फोटो काढला, ग्रुपवर टाकला, अठ्ठावीस अंगठे आले. परतताना लाल दिव्याला काकांनी विचारलं, “34 ला काय केलंत?”

“येस. औषधांच्या पैशांचा गैरवापर थांबवायचा होता ना.”

“असं छापलं होतं खरं. पैसे कुणी घातले त्यात, पाहिलंत?”

“कुणी?”

“अपार्टमेंटवाल्या मालकांच्या संघटनेने. एक एड्सची संस्था आहे, स्वतःच्या औषध दुकानांच्या उत्पन्नातून भाडेनियंत्रणाचे प्रस्ताव आणते. 2018 ला आणला, 20 ला आणला, यंदाचा 33 तिचाच. तिची थैली बांधायची म्हणून हा 34.”

मागून हॉर्न वाजला. दिवा हिरवा झाला होता.

“33 ला काय केलंत मग?” काकांनी विचारलं.

“येस,” मी म्हटलं. “भाडी फार वाढलीयेत हो.”