ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं?

पावसाळा सरत आला की जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या रावेर-यावल पट्ट्यातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द थोडेफार फिरतात, गाभा तोच. यंदाचा असा होता:

"शेतकरी बांधवांनो, जागे रहा! रात्री शिवारात बॅटरी चमकली, अनोळखी माणूस दिसला तर ११२ ला फोन करून वेळ घालवू नका, तो मुंबईला लागतो. पोलिसांचं ॲप टाकू नका, ते तुमचं बोलणं ऐकतं आणि तक्रार करणाऱ्याचं नाव फुटतं. ताबडतोब फोटो-व्हिडिओ काढा आणि सगळ्या ग्रुपवर टाका. पोलीसही तिथेच बघतात, गावही जागं होतं. तसंही डोंगरात रेंज नसते, तिथे ॲप काय कामाचं?"

एकाच दिवशी चार ग्रुपवरून तो माझ्याकडे आला. त्यातला एक आमच्या भाऊबंदांचा, जिथे एरवी फक्त वाढदिवसाचे केक येतात. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. केबल चोरीला गेलेला माणूस रागात असतोच. माझीही गेली आहे, दोनदा. ट्यूबवेलची केबल कापली, बांधावरच जाळून तांबं काढून घेतलं, सकाळी मला सापडला फक्त काळा डाग. केबलचा खर्च वेगळाच, वर ऐन उन्हाळ्यात नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळीची बाग तीन दिवस तहानलेली. तेव्हा राग मला कळतो. पण मेसेज वाक्यावाक्याने वाचला तर शेवटचं एक सोडून त्यातलं एकही वाक्य पुरतं उभं राहत नाही.

"रात्री शिवारात बॅटरी चमकली तर…"

हे लिहिणाऱ्याने रात्री कधी पाणी भरलेलं नसावं. शेतीची लाईट आपल्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की अर्धं गाव बॅटरी घेऊन वावरात असतं. कोणाचा स्टार्टर पडलेला, कोणाचं ठिबक फुटलेलं. त्या आठवड्यात बॅटरी चमकणं हा संशय धरला तर पहिला संशयित मीच.

मी हे शहाणपण उधारीवर शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी थंडीत शेजारच्या डीपीजवळ (विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळ) उजेड हलताना दिसला. मी फोटो काढला. काळ्या पडद्यावर पिवळा ठिपका, एवढाच तो फोटो. खाली लिहिलं, "आपल्या शिवारात संशयित." अर्ध्या तासात तोच फोटो भुसावळच्या शालकाकडून मला परत आला आणि मजकूर होता, "चार-पाच जण, हातात हत्यारं, सावध रहा." तोवर गावातली दहा-बारा पोरं काठ्या घेऊन गाड्यांवर निघालेली. उजेड कोणाचा होता? शेजाऱ्याच्या सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा. सातपुड्यातला पावरा आदिवासी पोरगा, बारा वाजता लाईट आली म्हणून मोटर चालू करायला गेलेला. गाड्यांचे दिवे बघून तो घाबरून केळीत शिरला आणि लपला म्हणून आणखीच चोर ठरला. त्याने आतूनच मालकाला फोन लावला, म्हणून निभावलं. आठवड्याभरात तो काम सोडून गेला. शेजारी पुढे कितीतरी महिने माझ्याशी बोलले नाहीत आणि त्यांचं काही चुकलं नाही.

आमच्याकडे निभावलं. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला निभावलं नाही. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्यामागे कित्येक दिवस मोबाईलवर फिरत असलेली अफवा होती. त्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवण्याचे व्हिडिओ फिरत होते आणि त्यातला एक तर मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला तुकडा होता. पुढे त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात निकाल देताना प्रत्येक जिल्ह्यात असे प्रकार रोखायला पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल (जबाबदार) अधिकारी नेमायला सांगितलं. "सगळ्या ग्रुपवर टाका" हे वाक्य धुळे, नंदुरबार, जळगावच्या माणसाने तरी हलक्या हाताने लिहू नये.

"११२ ला फोन करू नका, तो मुंबईला लागतो"

अर्धं खरं. ११२ हा पोलीस-मदतीचा आणीबाणीचा नंबर. महाराष्ट्रात त्यावरचा फोन आधी नवी मुंबईच्या मुख्य केंद्रात उचलला जातो, नागपूरला दुसरं केंद्र आहे. पण मेसेज तिथेच थांबतो आणि खरी गंमत त्यापुढे आहे. फोन उचलणारा माहिती टाइप करतो, त्या घटनेला क्रमांक पडतो आणि ती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर जाते. तिथून ती जवळच्या पोलीस गाडीतल्या यंत्रावर पाठवली जाते. गाडी मुंबईहून निघत नाही. बँकेचा फोनही बंगळुरूला लागतो, म्हणून आपण खातं बंद करतो का?

गाडी उशिरा येते, ही तक्रार मात्र खरी आहे. एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावं, गाड्या मोजक्या. पण त्या उशिरातला एक भाग आपण स्वतः घडवतो आणि तो जागेच्या गोंधळातून येतो. साध्या कॉलवर जागा कळते ती बहुधा टॉवरवरून आणि आपल्या शिवारात एका टॉवरच्या पट्ट्यात चार गावं बसतात. "लवकर या, आमच्या वावरात चोर आहेत" एवढंच ओरडून फोन ठेवला तर गाडीने जायचं कुठे? ११२ इंडिया ॲपचा फायदा इथे आहे. ते जीपीएसची नेमकी जागा केंद्राकडे पाठवतं आणि आपण आधी भरून ठेवलेल्या घरच्या नंबरांनाही कळवतं. ॲप नको असेल तरी हरकत नाही. पॉवर बटण लागोपाठ तीनदा, काही फोनमध्ये पाचदा, दाबलं की आणीबाणीचा कॉल जातो. बटणांच्या साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये अशी सोय ठेवायचा सरकारी नियम आहे. आपल्या फोनमध्ये ती कशी चालते ते आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा. अंधारात शोधायची ती गोष्ट नव्हे.

सीमेवरच्या गावांसाठी एक वेगळी गोष्ट. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर, शिरपूरच्या पलीकडे सेंधवा, अक्कलकुव्याच्या पलीकडे गुजरात. फोनने तिकडचा टॉवर पकडला तर कॉल तिकडच्या राज्याच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून पहिलं वाक्य जिल्हा, तालुका, गाव. दुसरं वाक्य रस्ता आणि खूण: "अमुक फाट्यावरून आत, कालव्याच्या पुलाजवळ." मग काय दिसतंय, किती जण, गाडी कोणती, कुठल्या दिशेला गेली. शेवटी, कोणी जखमी आहे का. वीस सेकंदांचं बोलणं आहे. सातबाऱ्यावरचा गट नंबर पोलीस गाडीच्या चालकाला काही सांगत नाही, तो आपल्यापुरता ठेवा.

"ॲप तुमचं बोलणं ऐकतं"

कुठलंही ॲप माईक वापरायला आधी परवानगी मागतं. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये माईक किंवा कॅमेरा चालू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. संशय आला तर सेटिंगमध्ये जाऊन परवानगी काढून टाका. विषय संपला.

मला हसू येतं ते वेगळ्याच कारणाने. सरकारी ॲपला घाबरणारे हेच लोक ग्रुपवर आलेली "पीएम किसान", "आरटीओ चलान", "लग्नपत्रिका" अशा नावांची एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकणारी) डोळे मिटून टाकतात. ती खरंच ऐकते. मेसेज वाचते, बँकेचा ओटीपी पळवते, तुमच्याच नावाने पुढच्या ग्रुपवर स्वतःला पाठवते आणि मग भाचीला वाटतं, मामांनी पत्रिका पाठवली. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा. तो केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळवला जाण्याआधी तो अडवता येतो, म्हणून तिथे एकेक मिनिट मोलाचं. हे मात्र कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही.

"तक्रार करणाऱ्याचं नाव फुटतं"

इथे मी मेसेजला अर्धे मार्क देतो. नाव फुटतं, हे मी पाहिलं आहे. फक्त ते ॲपमधून फुटत नाही. गाडी रात्री गावात येते, चौकात थांबून विचारते, "फोन कोणी केला होता?" आणि सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना माहीत. केळीची बाग वैरातून कापून टाकणारा बहुतेक ओळखीतलाच असतो, त्यामुळे ही भीती खोटी नाही. उपाय फोनवरच करायचा: "माझ्या घरी येऊ नका, मी फाट्यावर भेटतो," किंवा "मला याच नंबरवर फोन करा." एवढं स्पष्ट सांगायला आपण लाजतो.

आणि ग्रुपवर टाकल्याने नाव लपतं का? पाठवणाऱ्याचं नाव आणि नंबर फोटोच्या डोक्यावरच असतो. चोराचा मेव्हणाही त्याच ग्रुपमध्ये असतो.

"पोलीसही तिथेच बघतात"

ग्रुपमध्ये एखादा अंमलदार असतो, मान्य. रात्री दोन वाजता तो झोपलेला असतो, रजेवर असतो, किंवा सहा महिन्यांपूर्वी त्याची बदली झालेली असते आणि ग्रुपमधून बाहेर पडायचं राहून गेलेलं असतं. ग्रुपवर ड्युटीवर कोणीच नसतं. तिथल्या मेसेजला क्रमांक नाही, तो कोणी स्वीकारला याची नोंद नाही. उद्या "मी कळवलं होतं" म्हणायला हातात काय, तर दोन अंगठे आणि एक हात जोडलेला.

कायद्याने दार उघडलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) खबर इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करायची. हद्द आमची नाही म्हणून परतवून लावता येत नाही, कुठल्याही ठाण्यात ती घ्यावी लागते. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे हा मार्ग नव्हे.

फोटोचीही एक बाब आहे, ती कोणी सांगत नाही. आपण काढलेल्या फोटोत वेळ असते आणि लोकेशन चालू असेल तर जागाही असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला की तो आकसतो आणि ही माहिती गळते. पंचनाम्यात, पुढे कोर्टात किंमत असते ती मूळ फाइलला, ज्या फोनवर काढली त्या फोनसकट. कापलेल्या घडांचे फोटो ग्रुपवर टाकून "फोनची जागा भरली" म्हणून गॅलरीतून उडवणारे आमच्याकडे आहेत. निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप बघा. आचारसंहिता भंगाचा फोटो त्यात तिथल्या तिथे काढावा लागतो, जागा आपोआप चिकटते, गॅलरीतला जुना फोटो ते घेतच नाही. नाव न देता तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत निपटारा करायचा अशी त्याची रचना. ग्रुपवर मात्र २०१९ चा व्हिडिओ "आत्ताचा, आपल्या फाट्यावरचा" म्हणून खपतो.

"गावही जागं होतं"

गाव जागं करायला माझी ना नाही. "चोर उनात रे!" (चोर आले रे!) अशी आरोळी आली की चार माणसं धावतात, हीच आपल्याकडची जुनी रीत. पण आरोळी ऐकणारा आरोळी देणाऱ्याला ओळखतो आणि ती शिवारापलीकडे जात नाही. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा नावाची टोल-फ्री सोय वापरतात, ती या आरोळीच्या जवळची आहे. गावकऱ्याने ठरलेल्या नंबरवर फोन करून स्वतःच्या आवाजात नाव, जागा आणि घटना सांगायची, तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या फोनवर कॉल होऊन वाजतो. साधा फोन चालतो, नेट लागत नाही, बोलणारा कोण ते सगळ्यांना कळतं.

ओळख नसलेली आरोळी काय करते हे पाचोरा तालुक्याने पाहिलं आहे. २२ जानेवारी २०२५ ला परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली, साखळी ओढली गेली, माणसं शेजारच्या रुळावर उतरली आणि समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जीव गेले. ती हूल मोबाईलवरची नव्हती, डब्यातली होती. मोबाईल तीच हूल डब्याबाहेर नेतो, इतकाच फरक. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली भीती पसरवणारी खोटी अफवा हा गुन्हा आहे. खात्री करून, चांगल्या हेतूने सांगणाऱ्याला त्यात सूट आहे. पिवळा ठिपका पाठवताना मी कसलीच खात्री केली नव्हती.

"डोंगरात रेंज नसते"

हे खरं आहे आणि याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर पोहोचत असेल तर ११२ चा कॉल लागू शकतो. पडद्यावर "फक्त आणीबाणीचे कॉल" दिसतं ते त्यासाठीच. म्हणून डाटा नाही म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. पण धडगाव, तोरणमाळकडचे पाडे, चोपडा-यावलच्या वरच्या अंगाचा सातपुडा, तिथे कुठलाच टॉवर पोहोचत नाही अशा जागा आहेत. तिथे ॲप म्हणजे खिशातला दगड. रेंज सापडते ती ठरावीक टेकाडावर नाहीतर ठरावीक झाडाखाली आणि रात्री तिथवर कोणीतरी पळत जावं लागतं. आमच्याकडे सध्या कामाला असलेला गडी त्याच भागातला. त्याला मी विचारलं, पाड्यावर काही झालं तर कळवता कसं. तो म्हणाला, "गाडी घेऊन खाली येतो, दादा. तासभर लागतो."