विहिरीतली उडी बायबलात कुठं आहे?

नमस्कार दादा,

गोव्याच्या सांजांववर, म्हणजे संत योहानाच्या नावानं विहिरीत उड्या मारायच्या सणावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही चांगलंच झापलंत. बायबलात विहिरीत उड्या मारा असं कुठं लिहिलंय, आपल्याच चाली उचलून चर्चनं संताच्या नावावर खपवल्या, आणि टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्याला हे कौतुक कशाला, असं तुमचं म्हणणं.

उडी बायबलात आहे, विहीर नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरीया भेटायला येते तेव्हा अलीशिबेच्या पोटातलं बाळ उडी मारतं. तोच बाप्तिस्मा करणारा योहान. मरीयेला देवदूताचा निरोप आला तेव्हा अलीशिबेला सहावा महिना होता, म्हणून त्याचा सण नाताळाच्या सहा महिने आधी, 24 जूनला. बहुतेक संतांचे सण मृत्यूच्या दिवशी असतात, याचा जन्माचा. घरात नवं बाळ असलं की त्या वर्षी थाट वेगळाच.

उचलून खपवल्याचं मात्र पटत नाही. पोर्तुगालमध्ये त्या रात्री शेकोट्या पेटवून वरून उड्या मारतात. गोव्यात ऐन पावसात शेकोटी टिकणार कशी? विहिरी भरत आलेल्या, म्हणून उडी पाण्याकडे वळली असावी, असा माझा तर्क. आणि देशी चाली चर्चनं खपवल्या म्हणता, तर 1736 च्या फर्मानात गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, दारातल्या तुळशीपासून लग्नातल्या हळदीपर्यंत कशाकशावर बंदी घातली होती! जे टिकलं ते लोकांनी टिकवलं.

नवा जावई त्या दिवशी डोक्यावर पानाफुलांचा कोपेल घालून सासुरवाडीत मिरवतो. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात त्याला पुरणाचे धोंडे आणि 33 अनारसे. कोणी कोणाचं घेतलं ते शोधत बसा, जावई दोन्हीकडे सारखाच फुगतो.

राहिला टँकर. पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरवतात. रांजण तळाला गेलेला असतो, तरी बाई तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतते, वर पसाभर दाणे देते. ते पाणी वाया गेलं, असं तिला सांगून बघा.

फेणी पिऊन विहिरीत उतरू नये, हे तुमचं शेवटचं वाक्य सोळा आणे खरं.

एक विचारायचं होतं. काही गावांत धोंडी मागताना काठीला बेडूकही बांधतात. तुमच्या गेवराईकडे बांधतात का? जमलं तर कळवा.