गुणसूत्रांची संख्या आणि संचांची संख्या

पेशीतील डीएनए गुणसूत्रांमध्ये विभागलेला असतो, आणि एकमेकांहून वेगळ्या गुणसूत्रांचा एक पूर्ण गट म्हणजे संच. या विषयावरील एका लेखात म्हटले आहे, की विभाजनापूर्वी डीएनए दुप्पट झाला की मानवी पेशी चतुर्गुणित, म्हणजे चार संचांची, होते; हे विधान बरोबर नाही. त्या टप्प्यावर प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे, म्हणजे त्याच्या दोन सारख्या प्रती, गुणसूत्रबिंदू या एकाच ठिकाणी जोडलेली राहतात, त्यामुळे गुणसूत्रे ४६च आणि संच दोनच असतात. गुणसूत्रांची संख्या आणि संचांची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला गव्हाचे उदाहरण लेखात यायलाच हवे होते. नेहमीच्या पावाच्या गव्हाच्या कायिक (शरीराच्या, प्रजननाच्या नव्हे अशा) पेशीत ७ गुणसूत्रांचे सहा संच, म्हणजे एकूण ४२ गुणसूत्रे असतात. गुणसूत्रे निम्मी करणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनानंतर युग्मकात, म्हणजे प्रजनन पेशीत, त्यांतली २१ येतात खरी, पण त्या २१ मध्येही वेगवेगळ्या पूर्वज गवतांकडून आलेले तीन संच नांदत असतात. युग्मकात नेहमी एकच संच असतो, ही विद्यार्थ्यांच्या मनात पक्की बसलेली समजूत इथे साफ कोलमडते.